दुपट्ट्याखालचा आकडा

माझ्या नोकरीत मी दिवसभर एकच प्रश्न विचारत फिरते. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, तर आज तुमचं किती? दुखण्याचं विचारून झालं की दम लागण्याचं, मग मळमळीचं, झोपेचं, भुकेचं आणि सगळ्यात शेवटी उदासपणाचं. प्रत्येकाला शून्य ते दहा. दिवसात पाच-सहा घरं होतात, म्हणजे तीस-पस्तीस आकडे. घरी आल्यावर नवरा विचारतो, भाजी कशी झालीय? मी सहा म्हणते. पूर्वी तो यावर हसायचा, आता हसत नाही.

मी नर्स आहे, पुसदला राहते. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही असं मोठ्या दवाखान्यांनी सांगून टाकलंय, त्यांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आमचं काम. आठवड्यातून चार दिवस आमची गाडी खेड्यांत जाते. गाडीत मी, औषधांची पेटी आणि ड्रायव्हर. डॉक्टर यवतमाळला बसतात. मी आकडा मोबाइलमध्ये भरते, तो त्यांना तिकडे दिसतो आणि त्यावरून ते गोळी ठरवतात. चारपर्यंत असेल तर आहे तेच चालू. सातच्या वर गेला की गोळी वाढते. मधला असेल तर फोन करायचा. आकडा भरल्याशिवाय मोबाइलमधलं पुढचं पान उघडत नाही, त्यामुळे काहीतरी भरावंच लागतं.

हे मोजमाप शिकवायला आम्हाला दोन दिवस एका थंडगार हॉलमध्ये बसवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, डोळे मिटा, आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुखणं आठवा, ते तुमचं दहा. अर्ध्याजणींनी बाळंतपण म्हटलं. एकीने दाढ म्हटलं, आणि तीच खरं बोलली असं मला अजून वाटतं. मग फळ्यावर एक वाक्य लिहिलं गेलं आणि आमच्याकडून तीनदा वदवून घेतलं: रुग्ण सांगेल तेच दुखणं खरं. आपण आपल्या अंदाजाने त्यात काही घालायचं नाही आणि काढायचं नाही. मला हे फार पटलं होतं. तोवर माझ्या नोकरीची पंधरा वर्षं 'एवढं काही दुखत नसतं हो' असं सांगणाऱ्यांच्या हाताखाली गेली होती.

पण खेड्यातली माणसं दहाच्या मापात दुखतच नाहीत. जुनी माणसं रुपयात सांगतात. "रुपयात बारा आने फरक हाये." फरक म्हणजे आराम. म्हणजे चार आणे दुखणं शिल्लक, म्हणजे दहातलं अडीच. मोबाइल अडीच घेत नाही. मग मी कधी दोन भरते, कधी तीन, त्या दिवशी माझी स्वतःची कंबर किती ठणकतेय त्यावर. ज्यांना आकडे जमत नाहीत त्यांच्यासाठी चेहऱ्यांचा एक कागद आहे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. एका आजीने, जिला कूस बदलता येत नव्हती, हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मी पुन्हा समजावून सांगितलं तर म्हणाली, "सकाऊन सकाऊन रडकं तोंड कायले दाखवू, बाई?"

हे सगळं मी गमतीने सांगते खरी, पण या कामाला मी कंटाळलेय. माणसांना नाही, आकड्यांना. समोरचा माणूस दोन क्षण छताकडे बघतो, आत कुठेतरी जाऊन काहीतरी उचलतो आणि माझ्या हातात एक आकडा ठेवतो. तो मी पेटीत टाकते आणि पुढच्या घरी जाते. असं करता करता कधीतरी आपण माणसाकडे बघायचं सोडून देतो, आणि ते आपल्याला कळतसुद्धा नाही. मला ते एका दलालामुळे कळलं.

ते बैलांचे दलाल होते. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. आसपासच्या तालुक्यांतला एकही बैलबाजार त्यांनी सोडला नव्हता. आता ट्रॅक्टर आले, बाजार बसले, आणि त्यांनाही लघवीच्या जागी सुरू झालेला कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरला होता. मोठं अंग, भरघोस मिशा, खांद्यावर कायम एक चौकडीचा दुपट्टा. ओसरीवर बाज टाकलेली असायची. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्यामुळे झोपायला ओसरीच. मी त्यांना काकाजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. काकू बारीक, कमी बोलणाऱ्या. बाजेच्या पायथ्याशी पोत्यावर बसून सतत काहीतरी निवडत असायच्या, कधी अंबाडीची भाजी, कधी तुरीच्या शेंगा. मुलगी मुकुटबनकडे दिलेली, ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची. घरात ही दोघंच.

पहिल्या दिवशी मी माझं शून्य ते दहाचं पुराण सांगितलं. काकाजींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, आठ. मी आठ भरला, डॉक्टरांनी मॉर्फिनची गोळी सुरू केली. पुढच्या आठवड्यात गेले तर म्हणाले, चार. मला केवढा आनंद झाला. गोळी लागू पडली, असं मी ड्रायव्हरलाही सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार. त्याच्या पुढच्या आठवड्यातही चार. यवतमाळहून डॉक्टर फोनवर म्हणाले, छान, चारवर स्थिर आहेत.

एकदा काकू चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा काकाजी मला हळूच म्हणाले, "पयल्या दिवशी आठ आयकलं तं हिनं दोन दिवस भाकर तोंडात घातली नाई." मी हसले. म्हटलं, बघा, किती जीव आहे तुमच्यावर. तेही हसले. एवढं सरळ त्यांनी माझ्या हातात ठेवलं होतं, आणि मी ते चहाबरोबर पिऊन टाकलं.

त्याच दिवशी त्यांनी माझ्या कागदाची थट्टा केली होती. बैल विकायला आणणारा कधीच सांगत नाही की जनावर लंगडतं, म्हणाले. उलट शपथा घेतो. मग दलाल काय करतो? दात बघतो, खूर बघतो आणि दोर हातात घेऊन बैलाला चालवतो. "बैलाले कोनी इचारते का, किती दुखते म्हनून? चालवून पाहाचं." मी म्हटलं, काकाजी, बैलाला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. यावर ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि मग दुसरंच काहीतरी बोलू लागले.

मला दिसत नव्हतं असं नाही. डाव्या हाताने ते बाजेची दोरी धरून ठेवायचे, आणि ती तेवढ्याच जागी उसवत चालली होती. चादरीखाली पायाची बोटं आत वळलेली असायची. जानेवारीच्या थंडीत कपाळावर घाम. तांब्या हातभर अंतरावर असला तरी स्वतः घ्यायचे नाहीत, काकूंकडे मागायचे. हे सगळं मी पाहत होते आणि चार भरत होते. कारण फळ्यावरचं वाक्य मला तोंडपाठ होतं: रुग्ण सांगेल तेच खरं. आणि आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकते. चार हा आकडा सोपा असतो. फोन करावा लागत नाही, पेटी पुन्हा उघडावी लागत नाही, पुढच्या घरी वेळेवर जाता येतं. त्या दिवसांत माझी कंबर धरलेली होती, आणि चार ऐकलं की मला मनातून बरं वाटायचं. याची मला लाज वाटते.

मग तो दिवस आला. सकाळचे अकरा वाजले असतील. काकू नेहमीसारख्या पायथ्याशी बसून शेंगा सोलत होत्या. मी नाडी बघायला काकाजींचा हात हातात घेतला, तसा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. दुपट्ट्याखाली माझा अख्खा पंजा पकडला, दाबला, सोडला. मग माझी चार बोटं पकडली, दाबली, सोडली. हे करताना त्यांनी माझ्या डोळ्यांवरून नजर हलवली नाही. तोंडाने म्हणाले, चार लिहा.

मला काहीच कळलं नाही. वाटलं, म्हातारा माणूस आहे, आजारपणात हळवा झालाय. खरं सांगायचं तर थोडी कानकोंडीही झाले, बायकोसमोर हा काय प्रकार. काकूंनी मान वर केली आणि विचारलं, "कायचा सौदा चालू हाये?"

"सिस्टरले बैल पाह्यजे," काकाजी म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. मी मोबाइलमध्ये चार भरलं, पुढच्या आठवड्याच्या गोळ्या मोजून दिल्या आणि निघाले.

गाडीत ही गंमत मी ड्रायव्हरला सांगितली. आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा आहे, माझ्यापेक्षा कमी बोलतो, आणि त्याचे वडील आयुष्यभर बैलजोडीवर शेती करत होते. त्याने गाडीचा वेग कमी केला. विचारलं, मॅडम, आधी पंजा धरला की आधी बोटं? मी म्हटलं आधी पंजा, मग चार बोटं. काय फरक पडतो? त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली.

मग त्याने मला समजावून सांगितलं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. भोवती शंभर माणसं उभी असतात, त्यांना कळू द्यायचा नसतो. म्हणून दलाल हातावर कपडा टाकतो आणि कपड्याखाली बोटं धरून आकडा सांगतो. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. त्याच्या पुढचं असेल तर आधी पंजा आणि मग वरची बोटं. तोंडाने मात्र काहीही बोलायचं, लोकांना ऐकवायला. जे तोंडाने बोललं ते कोणी धरत नाही. कपड्याखाली जे झालं तेच खरं.

"पंजा अन् चार," तो म्हणाला. "नऊ झाले, मॅडम."

मी रस्त्याकडे बघत बसले. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. तीन आठवडे. तीन आठवडे तो माणूस दोरी धरून पडला होता आणि मी त्याच्यासमोर चहा पीत होते. बायको जेवावी म्हणून तो चार म्हणत होता. मला कळेल, मला कळेल, म्हणून त्याने वाट पाहिली. हातात पेटी घेऊन आलेल्या बाईला दिसत नाही म्हटल्यावर शेवटी त्याने आपल्या धंद्याची भाषा काढली, आणि तीही मला वाचता आली नाही. मला रडू आलं नाही. स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त थकवा आला, इतका की वाटलं, पेटी इथेच शेतात ठेवावी आणि पायी घरी जावं.

तसं काही केलं नाही. यवतमाळला फोन लावला आणि नऊ सांगितला. डॉक्टर वैतागले. अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच चार भरलाय, म्हणाले, अर्ध्या तासात चाराचे नऊ कसे झाले? दुपट्ट्याची गोष्ट मी त्यांना कशी सांगणार होते? मी म्हटलं, भरताना माझी चूक झाली. ते खोटंही नव्हतं. त्यांनी गोळी दुप्पट केली आणि मध्येच कळ आली तर घ्यायला एक वेगळी सांगितली. मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी फिरवा. त्याने फिरवली आणि मग एकच गोष्ट बजावली: कपड्याखालचा आकडा कोणापुढे तोंडाने काढायचा नसतो. जो काढतो त्याच्याशी पुन्हा कोणी सौदा करत नाही.

अर्ध्या वाटेवरून गाडी परत आलेली पाहून काकू अंगणात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी वाटेतच थाप जुळवली होती. म्हटलं, काकू, घाबरू नका, यवतमाळहून फोन आला, नवीन नियम आलाय, सगळ्यांच्याच गोळ्या बदलल्यात. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग फक्त एवढंच विचारलं, कवा कवा द्यायची? त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी पाकिटांवर पेनाने चित्रं काढून दिली: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य, चंद्र. पहिली गोळी मी स्वतः दिली. काकाजींनी ती घेतली आणि डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात मी स्वतःच हात पुढे केला. दुपट्टा आला. खाली पंजा, एकच. पाच. तोंडाने चार. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुपट्ट्याखाली तीन बोटं आणि तोंडाने चार. मग दोन, आणि तोंडाने तरीही चारच. मोबाइलमध्ये मी कपड्याखालचा आकडा भरत होते, कारण गोळी त्यावर ठरत होती. एकदा काकू विहिरीवर गेल्या होत्या तेव्हा मी विचारलं, काकाजी, आता खरंच दोन आहे तर दोनच सांगा की काकूंना. त्यांनी मान हलवली. "एकदम कमी सांगतलं तं तिले संशय येईन." खोटं बोलण्यातही माणसाला किती सांभाळावं लागतं, हे त्यांच्याकडून शिकावं.

बाजेची दोरी पुन्हा विणून घेतली होती. ती परत उसवली नाही. एकदा त्यांनी मला बैलाचे दात कसे मोजतात ते शिकवलं, दुधाचे कुठले, पक्के कुठले. एकदा माझ्या चालण्याकडे बघून म्हणाले, सिस्टर, तुमी डाव्या पायावर जोर देत नाई. मी म्हटलं कंबर आहे जराशी. किती, विचारलं त्यांनी, शून्य ते दहा? मी म्हटलं, चार. ते मोठ्याने हसले. इतक्या दिवसांत त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटच्या भेटीत त्यांना बोलता येत नव्हतं. दुपट्टा मीच टाकला. खाली त्यांचा हात माझ्या हातात नुसता पडून होता, गरम, वजनदार. मोबाइल आकडा मागत होता. मग त्यांनी सांगितलं होतं तसं केलं, विचारलं नाही, पाहिलं. कपाळ कोरडं होतं. चादर बाजूला करून पाय बघितले, बोटं सैल होती. मी दोन भरले. चार दिवसांनी, होळीच्या आधी, ते गेले.

तेराव्यानंतर आम्हाला एकदा घरी जावं लागतं. उरलेल्या गोळ्या मोजून परत घ्यायच्या आणि एक शेवटचा फॉर्म भरायचा. त्यात घरच्या माणसाला विचारायचं असतं: गेल्या आठवड्यात तुमच्या मनावर किती ओझं होतं, शून्य ते दहा? हा प्रश्न ज्याने तयार केला त्याला मी कधी भेटले तर त्याला ओसरीवर बसवून तोच विचारणार आहे.

घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगी होती, नणंद होती, शेजारच्या दोघी-तिघी होत्या. मागच्या खोलीतला कापूस गेला होता आणि खोली एकदम मोठी दिसत होती. बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. काकू त्याच जागी, पोत्यावर, पण हातात निवडायला काही नव्हतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले. कंबर बसू देत नव्हती, तरी बसले. गोळ्या मोजल्या. मग तो प्रश्न विचारला, जमेल तितका हळू आवाजात. सगळ्या बायका गप्प होऊन ऐकायला लागल्या.

"चार," काकू म्हणाल्या.

माझं बोट मोबाइलवर तसंच थांबलं. हा चार मी ओळखत होते. याच घरात, याच ओसरीवर मी तो किती आठवडे ऐकला होता. पहिल्यांदा तो ऐकून मी आनंदाने पुढच्या घरी गेले होते.

मी मोबाइल खाली ठेवला. ओढणी काढली, काकूंच्या हातावर टाकली आणि खाली माझा हात दिला. काकूंनी ओढणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी माझा पंजा धरला, दाबला, सोडला, आणि चार बोटं धरली. बाजारात उभं राहून आयुष्य काढल्यासारखी सफाईदार पकड.

"हे त्याईचं," त्या मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाल्या. "तुमी गाडी फिरवून आल्या त्या दिवशीचं."

काकू थांबत थांबत सांगत राहिल्या. लग्न झाल्यापासून दर बाजाराच्या दिवशी घरी आल्यावर काकाजी त्यांच्या बोटांवर सगळे सौदे करून दाखवायचे, कोण कितीवर अडला, कोण कितीवर उतरला. त्या दिवशी शेंगा सोलताना त्यांनी दुपट्टा दोनदा हललेला पाहिला होता, आधी सगळाच, मग अंगठ्याकडचा भाग सोडून उरलेला. तेवढं त्यांना पुरलं. आणि त्याच्याही आधीचे तीन आठवडे त्यांना माहीत होतंच. बाजेची दोरी त्यांनाही दिसत होती.

मी विचारलं, मग बोलल्या का नाहीत काकू? मला तरी सांगायचं.

"ते चार म्हनत होते ते मी जेवावं म्हनून. मी बोल्ली असती तं त्याईचा तेवढा बी सौदा मोडला असता." पुढे म्हणाल्या, "म्हनून मी जेवत होती. रोज. त्याईच्यासमोर बसून."

ती भाकर घशाखाली कशी उतरत असेल, याचा मी तिथे बसल्या बसल्या विचार केला आणि मला तो पुरा करता आला नाही. दोघंही एकमेकांसाठी चारवर थांबून राहिली होती, आणि मध्ये पेटी घेऊन मी, जिला दोघांतल्या एकाचंही दिसलं नव्हतं.

नणंदेने विचारलं, काय चाललंय? काकू म्हणाल्या, काही नाही, नाडी पाहून राह्यल्या सिस्टर.

मी ओढणीखालचा हात तसाच ठेवला. म्हटलं, हे त्यांचं झालं. तुमचं?

काकूंनी ओढणी हातांवर नीट ओढून घेतली. मग त्यांची बोटं हलली.

मोबाइलमध्ये मी चार भरलं. काकाजींचा आकडा मी पुढे कळवला होता, कारण त्यावर गोळी वाढणार होती. काकूंच्या आकड्यावर वाढवायला आमच्या पेटीत काही नव्हतं. यवतमाळला चार दिसला असेल, आणि फाइल बंद झाली असेल. खरा किती होता ते मी सांगणार नाही, तो कपड्याखालचा आहे. एका पंजात मावणारा नव्हता, एवढंच. आकडा सांगून झाल्यावरही त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही. बाहेर ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, मग तोही गप्प बसला. त्या दिवशी पुढच्या घरी आम्ही तासभर उशिरा पोचलो.